मूळ कागदापर्यंत जाणारा विद्यार्थी

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्या प्रत्येक सभेत वाचली जाते आणि टाळ्या पडतात. पण त्या पदव्या मिळवताना हा विद्यार्थी रोज नेमके काय करीत होता, पुस्तके कुठून मिळवीत होता, वाचलेले कसे जपत होता, हे कुणी विचारत नाही. आज आपली मुले-मुली पीएच.डी.पर्यंत पोहोचली आहेत आणि ती अडतात ती नेमकी इथेच. म्हणून हे चरित्र एकदा या बाजूने वाचले पाहिजे.

१९१३ च्या जुलैमध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला पोहोचले. मुंबईच्या शाळेत त्यांना संस्कृत नाकारले होते. नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. त्या मुलासमोर आता कोलंबिया विद्यापीठाचे ग्रंथालय होते आणि तिथे बसायला जात आडवी येत नव्हती. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे, उरलेल्यात पोट भागवायचे आणि जुनी पुस्तके विकत घ्यायची, असा क्रम होता. चरित्रकार सांगतात की न्यूयॉर्क सोडेपर्यंत सुमारे २,००० पुस्तके जमली होती. ती एका परिचितामार्फत भारतात रवाना केली. त्यातली थोडीच हाती लागली.

९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे अभ्यासक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय होते पंचवीस. विद्यार्थ्यांनी हा निबंध केवळ विचारांसाठी नव्हे, बांधणीसाठीही वाचावा. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर, अशा चार जणांच्या जातीच्या व्याख्या ते समोर मांडतात. कोणती व्याख्या कुठे कमी पडते ते दाखवतात. केतकरांचे जे पटले त्याचे श्रेय मोकळेपणाने देतात. आणि मग स्वतःचे म्हणणे मांडतात, की जातीचे मर्म जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नात आहे. साहेब असो की ब्राह्मण पंडित, छापले आहे म्हणून मान डोलावली नाही आणि न वाचता झिडकारलेही नाही. अस्पृश्य समाजातल्या मुलाने जातीवर रागाने लिहिले असे म्हणायला मग कुणाला जागाच उरली नाही.

ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडनला ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, पण शिष्यवृत्ती संपली. १९१७ मध्ये परतावे लागले. महायुद्ध चालू होते. स्वतः ते सुखरूप आले, मात्र वेगळ्या बोटीने पाठवलेले सामान पाणतीराने बुडाले. थॉमस कुक कंपनीने नुकसानभरपाई दिली, ती बडोद्याला नोकरीवर रुजू होण्याच्या कामी आली! बडोद्यात काय वाढून ठेवले होते ते वाचकांना सांगायला नको.

सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज, एवढ्यावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. लंडन विद्यापीठाचे ग्रंथालय, अर्थशास्त्राचे गोल्डस्मिथ ग्रंथालय, इंडिया ऑफिसचे ग्रंथालय आणि ब्रिटिश म्युझियम ही त्यांची खरी घरे. म्युझियममधून पुस्तक घरी नेता येत नसे. चिठ्ठी द्यायची, पुस्तक टेबलावर यायचे, संध्याकाळी परत करायचे. बरोबर येणार ती फक्त स्वतःच्या हाताने उतरवलेली टिपणे. जेवणाला फाटा देऊन सकाळपासून दार बंद होईपर्यंत ते बसत आणि खोलीवर आल्यावर पुन्हा वाचत. आज आपण दोन मिनिटांत शंभर पानांची झेरॉक्स काढतो आणि ती न वाचता पिशवीत ठेवतो.

त्या टिपणांतून रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध उभा राहिला. सुवर्ण विनिमय पद्धतीचे गुणगान केन्सने १९१३ च्या ग्रंथात केले होते. बाबासाहेबांनी त्याच्या पुस्तकावर विसंबून न राहता चलनविषयक समित्यांचे अहवाल आणि सरकारी कागद काढले. १८९८ च्या फाउलर समितीने सोन्याच्या नाण्याचे चलन सुचवले होते आणि सरकार दुसऱ्याच वाटेने गेले, हे त्यांनी कागदांवरून दाखवले. परीक्षकांनी प्रबंध सुधारायला सांगितला. त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. प्राध्यापक कॅनन यांनी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली आणि तिच्यात आपले मतभेदही नोंदवले.

पुढे शूद्रांवरचा ग्रंथ १९४६ मध्ये आला, तेव्हा संस्कृतवर आपले प्रभुत्व नाही, पंधरा वर्षे भाषांतरांवरून अभ्यास केला आहे, असे त्यांनी प्रस्तावनेतच लिहून टाकले. विरोधकांच्या हाती लागण्याआधी स्वतःची उणीव स्वतः सांगणारा संशोधक विरळा. दादरचे राजगृहही पुस्तकांसाठी जागा हवी म्हणून बांधलेले.

आणि आपण? मोबाईलवर रोज सकाळी बाबासाहेबांच्या नावाने एक वाक्य येते. खंड कोणता, पान कोणते, याचा पत्ता नसतो. तेच वाक्य भाषणात जाते, कधी कधी प्रबंधातही जाते. विरोधक ते एक वाक्य खोटे ठरवतो आणि बाकीच्या खऱ्या वीस मुद्द्यांवर पाणी पडते. शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले इंग्रजी खंड गावोगावच्या विहारांत काचेच्या कपाटात आहेत. त्यांना हार घातला जातो, सूची मात्र कुणी उघडत नाही.

हे खंड आपोआप आले नाहीत. ६ डिसेंबर १९५६ नंतर बाबासाहेबांची हस्तलिखिते बराच काळ बंद पेट्यांत पडून होती. वसंत मून यांनी ती लावून, जुळवून, संपादित केली. १९८७ मध्ये चौथा खंड निघाला. त्यातील राम-कृष्णावरचे परिशिष्ट वगळा, अशी मागणी झाली. तेव्हा १९८८ मध्ये आपले लोक मुंबईच्या रस्त्यावर उतरले. त्यांतल्या अनेकांना इंग्रजी वाचता येत नव्हते. शासन या मतांशी सहमत नाही, अशी टीप खंडात घातली गेली, परिशिष्ट राहिले.