कार्ल एल्झेनर

कार्ल एल्झेनर (जन्म : ९ ऑक्टोबर १८६०, मृत्यू : २६ डिसेंबर १९१८) हे स्वित्झर्लंडमधील चाकू घडविणारे कारागीर व उद्योजक होते. श्वित्स परगण्यातील इबाख या गावी त्यांनी १८८४ साली काढलेल्या कारखान्यातून पुढे व्हिक्टोरिनॉक्स ही कंपनी उभी राहिली. स्विस सैनिकांसाठी खिशात मावणारा, मिटणारा चाकू देशातच तयार व्हावा यासाठी त्यांनी १८९१ मध्ये देशातील चाकू कारागिरांचा संघ स्थापन केला. १८९७ साली त्यांनी अधिकाऱ्यांसाठीच्या बहुउपयोगी चाकूची नोंदणी केली. स्विस आर्मी नाइफ या नावाने जगभर ओळखला जाणारा चाकू त्या नमुन्यातूनच विकसित झाला. जुन्या खिशाच्या चाकूंच्या संग्राहकांमध्ये एल्झेनर यांच्या हयातीतील चाकूंना विशेष मान आहे.

बालपण आणि शिक्षण

एल्झेनर यांचा जन्म श्वित्स या गावी झाला. त्यांचे वडील बाल्टाझार हे टोप्या तयार करण्याचा व्यवसाय करीत. आईचे नाव व्हिक्टोरिया असे होते. एकोणिसाव्या शतकातील स्वित्झर्लंड आजच्यासारखा संपन्न देश नव्हता. श्वित्ससारख्या डोंगराळ परगण्यात शेतीयोग्य जमीन थोडी होती आणि उद्योगधंदेही तुरळक होते. त्यामुळे अनेक कुटुंबांना पोटापाण्यासाठी परदेशाची वाट धरावी लागे.

वडिलांचा व्यवसाय पुढे न चालवता कार्ल यांनी चाकू घडविण्याची कला शिकण्याचे ठरविले. त्सुग येथे त्यांनी उमेदवारी केली. त्यानंतर त्या काळच्या युरोपीय कारागिरांच्या प्रथेप्रमाणे ते परगावी काम करीत अनुभव मिळविण्यासाठी बाहेर पडले. या काळात त्यांनी फ्रान्समधील पॅरिस आणि जर्मनीतील टुटलिंगेन येथे काम केले. टुटलिंगेन हे शहर शस्त्रक्रियेच्या उपकरणांसाठी प्रसिद्ध आहे. बारीक पाते घडविणे, पोलादाला योग्य पाणी देणे आणि धार टिकवून ठेवणे या गोष्टींना तेथील कामात फार महत्त्व होते.

इबाख येथील कारखाना

१८८४ साली एल्झेनर यांनी श्वित्सजवळील इबाख येथे स्वतःचा कारखाना सुरू केला. त्यासाठी त्यांनी टोबेलबाख या ओढ्याच्या काठची जागा निवडली. ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकाच्या साहाय्याने घासण्याची व चकाकी देण्याची यंत्रे चालत असत. तेथे चाकू आणि शस्त्रक्रियेची उपकरणे तयार होत. आई व्हिक्टोरिया आपल्या श्वित्समधील दुकानात मुलाने घडविलेला माल विकत असे. कारखान्याच्या पहिल्या वर्षांत या आधाराचा मोठा उपयोग झाला.

सैनिकी चाकूची पार्श्वभूमी

स्विस सैन्याने १८८९ मध्ये श्मिट-रुबिन ही नवी बंदूक स्वीकारली. तिचे भाग सुटे करून साफ करण्यासाठी सैनिकाजवळ पेचकस असणे आवश्यक झाले. डबाबंद अन्न उघडण्यासाठीही साधनाची गरज होतीच. या गरजा एकाच वस्तूने भागवाव्यात म्हणून सैन्याने एक मिटणारा चाकू निश्चित केला. तो नमुना १८९० या नावाने ओळखला जातो. त्यात एक मोठे पाते, छिद्र पाडण्याची आरी, डबा उघडणी आणि पेचकस अशी चार साधने होती. मुठीच्या दोन्ही बाजूंना गडद रंग दिलेल्या ओक लाकडाच्या पट्ट्या होत्या. मिटलेल्या चाकूची लांबी सुमारे १० सेंटीमीटर होती. हा चाकू भक्कम असला तरी बराच जड होता.

एवढ्या मोठ्या संख्येने एकसारखे चाकू तयार करू शकेल असा कारखाना तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये नव्हता. त्यामुळे पहिला मोठा पुरवठा जर्मनीतील झोलिंगेन येथील वेस्टर अँड कंपनीने केला. झोलिंगेन हे शहर अनेक शतकांपासून तलवारी व चाकूंसाठी विख्यात होते आणि तेथील कारखाने यंत्रांच्या साहाय्याने मोठे उत्पादन करीत होते.

कारागीर संघ आणि आर्थिक संकट

आपल्या देशाच्या सैनिकांचे चाकू परदेशातून यावेत ही गोष्ट एल्झेनर यांना पटली नाही. हे काम देशातच झाले तर कारागिरांना रोजगार मिळेल आणि तरुणांचे स्थलांतर थोडेफार थांबेल, असा त्यांचा विचार होता. एकट्या कारखान्याला एवढे काम झेपणारे नव्हते. म्हणून त्यांनी १८९१ मध्ये देशातील चाकू कारागिरांना एकत्र आणून संघ स्थापन केला. सुमारे पंचवीस कारागीर त्यात सहभागी झाले. काम वाटून घ्यावे आणि सैन्याला एकत्रितपणे माल पुरवावा अशी ही योजना होती. त्याच वर्षी स्विस बनावटीचे पहिले सैनिकी चाकू सैन्याला देण्यात आले.

परंतु ही योजना फार काळ टिकली नाही. लहान लहान कार्यशाळांतून बहुतांश हाताने घडविलेला चाकू झोलिंगेनच्या यंत्रनिर्मित चाकूपेक्षा महाग पडे. ठरलेल्या किमतीत माल देताना कारागिरांना तोटा होऊ लागला. एकेक करून संघातील इतर सदस्यांनी या कामातून अंग काढून घेतले. एल्झेनर मात्र मागे हटले नाहीत. त्यांनी एकट्याने पुरवठा चालू ठेवला आणि त्यात त्यांची सारी पुंजी संपली. कारखाना दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला. नातेवाइकांनी केलेली मदत आणि धनकोंनी दाखविलेला संयम यांमुळेच तो वाचला.

१८९३ मध्ये ज्युरा भागातील आणखी एका कारखान्याला सैनिकी चाकूंचे काम मिळाले. हा कारखाना पुढे वेंगर या नावाने प्रसिद्ध झाला. एल्झेनर यांचा कारखाना जर्मनभाषक भागात, तर वेंगरचा फ्रेंचभाषक भागात होता. १९०८ पासून सैन्याने दोघांनाही निम्मे निम्मे काम द्यावे अशी व्यवस्था झाली. ती पुढे अनेक दशके टिकली.

अधिकारी चाकू

केवळ सैन्याच्या ठरावीक नमुन्यावर कारखाना तगणार नाही हे तोट्याच्या वर्षांनी एल्झेनर यांना शिकविले होते. सैनिकी चाकूचा आराखडा सैन्याने ठरविलेला होता आणि त्यात बदल करण्याची मोकळीक नव्हती. म्हणून त्यांनी विद्यार्थी, शेतकरी अशा निरनिराळ्या ग्राहकांसाठी मिटणारे चाकू तयार केले. अधिकाऱ्यांसाठी त्यांना अधिक हलका, देखणा आणि अधिक साधने असलेला चाकू हवा होता.

मिटणाऱ्या चाकूत प्रत्येक साधन मुठीच्या पाठीतील स्प्रिंगच्या दाबामुळे उघडे किंवा बंद राहते. प्रत्येक साधनाला वेगळी स्प्रिंग दिली की मूठ जाड आणि जड होत जाते. एल्झेनर यांनी एकाच स्प्रिंगच्या दोन्ही अंगांचा उपयोग करून घेतला. काही साधने मुठीच्या पुढच्या बाजूने उघडणारी आणि काही पाठीच्या बाजूने उघडणारी अशी त्यांची मांडणी होती. त्यामुळे केवळ दोन स्प्रिंगांवर सहा साधने बसविता आली. सैनिकी चाकूतील चार साधनांना एक लहान पाते आणि बाटलीचे बूच काढण्याचा स्क्रू यांची जोड मिळाली. तरीही हा चाकू सैनिकी चाकूपेक्षा हलका होता.

१२ जून १८९७ रोजी अधिकारी व क्रीडा चाकू या नावाने त्याची कायदेशीर नोंदणी झाली. सैन्याने हा चाकू अधिकृत साहित्यात समाविष्ट केला नाही. अधिकारी तो दुकानातून स्वतःच्या पैशाने विकत घेत. कोणत्याही सरकारी मागणीशिवाय तयार झालेला हा चाकू लोकप्रिय झाला आणि त्याच्या विक्रीने कारखान्याची घडी बसली.

व्हिक्टोरिया हे नाव आणि अखेरची वर्षे

१९०९ साली एल्झेनर यांच्या आईचे निधन झाले. ज्या दुकानातून आपल्या पहिल्या चाकूंची विक्री झाली त्या दुकानाच्या मालकिणीची आठवण म्हणून त्यांनी व्हिक्टोरिया हे नाव आपल्या मालाची मुद्रा म्हणून स्वीकारले. त्याच वर्षापासून चाकूंवर ढाल आणि तिच्यातील स्विस क्रूस हे चिन्ह येऊ लागले. नक्कल करणाऱ्यांच्या मालापासून आपला माल वेगळा ओळखता यावा हाही त्यामागील उद्देश होता.

२६ डिसेंबर १९१८ रोजी वयाच्या ५८ व्या वर्षी एल्झेनर यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर कारखान्याची धुरा पुढच्या पिढीने सांभाळली. १९२१ पासून तेथे न गंजणारे पोलाद वापरले जाऊ लागले. अशा पोलादाला फ्रेंच भाषेत असलेल्या नावातील इनॉक्स हा अंश व्हिक्टोरिया या नावाला जोडून व्हिक्टोरिनॉक्स हे नाव तयार झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील अमेरिकी सैनिकांनी हे चाकू मोठ्या प्रमाणावर विकत घेतले. मूळ जर्मन नाव उच्चारायला अवघड वाटल्याने त्यांनी वापरलेले स्विस आर्मी नाइफ हे सुटसुटीत नाव जगभर रूढ झाले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने उत्तम आरेखनाचा नमुना म्हणून हा चाकू आपल्या संग्रहात घेतला आहे. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर ही कंपनी विकत घेतली आणि एका शतकाहून अधिक काळ चाललेली दोन पुरवठादारांची स्पर्धा संपली.

संग्राहकांच्या दृष्टीने महत्त्व

जुन्या खिशाच्या चाकूंचा संग्रह करणाऱ्यांमध्ये स्विस सैनिकी चाकू हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. नमुना १८९० पासून पुढे १९०८, १९५१ आणि १९६१ असे अधिकृत नमुने क्रमाने आले. १९५१ च्या नमुन्यात न गंजणारे पोलाद आले, तर १९६१ च्या नमुन्यात मुठीला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आल्या. मुठीचा पदार्थ, पात्याच्या बुडाशी उमटविलेले कारखान्याचे नाव आणि सैन्याची मुद्रा यांवरून चाकूचा काळ ठरविता येतो.

एल्झेनर यांच्या हयातीतील चाकू ओळखण्याच्या काही खुणा आहेत. सुरुवातीच्या चाकूंवर एल्झेनर हे आडनाव आणि श्वित्स हे गावाचे नाव आढळते. व्हिक्टोरिया ही मुद्रा असलेला चाकू १९०९ किंवा त्यानंतरचा असतो. व्हिक्टोरिनॉक्स हे नाव असलेला चाकू त्यांच्या मृत्यूनंतरचा असतो. त्यांनी तयार केलेल्या अधिकारी चाकूच्या मुठीवर ढाल व क्रूस नसेल, तर तो १९०९ पूर्वीचा असण्याची शक्यता असते.

हे जुने चाकू दुर्मिळ होण्याचे कारण त्यांच्या उपयोगातच आहे. ते शोभेसाठी घेतलेले नव्हते. पोलाद गंजणारे होते, ओकच्या पट्ट्या तडकत असत आणि वारंवार धार लावल्याने पाते झिजून अरुंद होत असे. त्यामुळे पूर्ण रुंदीचे पाते, मूळ पट्ट्या आणि उघडमीट करताना अजूनही दाब धरणारी स्प्रिंग असलेला चाकू क्वचितच मिळतो. जाणकार संग्राहक अशा चाकूला नव्याने चकाकी देत नाहीत, कारण घासण्याने पात्यावरील मुद्रा पुसट होते आणि तिच्याबरोबर काळाचा पुरावाही जातो.

संघ मोडल्यानंतरच्या अडचणीच्या वर्षांत इबाख येथे तयार झालेले सैनिकी चाकू संग्राहकांना विशेष मोलाचे वाटतात. ज्या मालाने एल्झेनर यांना कर्जात लोटले, तोच आज त्यांच्या कार्याचा सर्वांत जुना हाती लागणारा पुरावा आहे.