गुर्लहोसूरचे अण्णासाहेब आणि त्यांची मंडळी

बंगळूर शहरात किर्लोस्कर हे नाव उच्चारले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे विजेची मोटार किंवा पाण्याचा पंप उभा राहतो. १९४६ साली या शहरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाल्यापासून या नावाचा कारखानदारीशी जडलेला संबंध येथे सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु या नावाची एक अधिक जुनी ओळख आहे आणि तिचा उगमही कर्नाटकाच्याच भूमीत आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर हे उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे जन्मगाव. त्याच गावी, त्याच किर्लोस्कर कुळात, लक्ष्मणरावांच्या जन्माच्या सव्वीस वर्षे आधी, ३१ मार्च १८४३ रोजी बळवंत पांडुरंग किर्लोस्कर जन्मास आले. मराठी संगीत रंगभूमीचे जनक म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो ते अण्णासाहेब हेच.

इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणारे आम्ही मराठी लोक होसूर रस्त्याने नित्य ये-जा करतो. कन्नडमध्ये ‘होस ऊरु’ म्हणजे नवे गाव. गुर्लहोसूरच्या नावातही तेच नवे गाव आहे. पोटापाण्यासाठी नव्या गावी येऊन वसलेल्यांच्या मंडळाने आपल्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या थोर पुरुषाचे स्मरण करावे, हे आम्हांस सर्वथैव उचित वाटते.

अण्णासाहेबांच्या जन्मवर्षाचा एक विलक्षण योग सांगण्यासारखा आहे. ते अवघे सात महिन्यांचे असताना, ५ नोव्हेंबर १८४३ रोजी, सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि मराठी रंगभूमीचा श्रीगणेशा झाला. या प्रयोगाची प्रेरणाही कर्नाटकातूनच आली होती. उत्तर कानडा भागातील कर्की येथील भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या दरबारात झाले, ते पाहून तसेच काही मराठीत व्हावे अशी इच्छा श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांना झाली व ती कामगिरी भाव्यांकडे आली. म्हणजे मराठी रंगभूमीचे बीज आणि तिला पुढे बहर आणणारा माळी, दोन्ही कानडी मुलखाने दिले.

अण्णासाहेबांचे बालपण मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांच्या सहवासात गेले. बेळगाव आणि धारवाड हे जिल्हे त्या काळी मुंबई इलाख्यात होते. घरात मराठी आणि वेशीबाहेर कानडी, ही आज आमच्या मुलांची जी स्थिती आहे तीच त्यांची होती. पुढे शिक्षणासाठी ते कोल्हापूर, धारवाड आणि पुणे येथे राहिले. तथापि शाळेच्या पुस्तकांपेक्षा नाटकाचे वेडच अधिक बळावले. पुण्यातील नाटक मंडळ्यांना पदे रचून द्यावीत, त्यांच्या तालमींना बसावे, स्वतःची मंडळी काढून पाहावी, असे उद्योग त्यांनी केले. परीक्षा मागे पडली. चरितार्थासाठी नोकरी पत्करणे प्राप्त झाले. त्यांनी बेळगावात काही काळ शिक्षकाचे काम केले. तेथे गोविंद बल्लाळ देवल यांच्यासारखा शिष्य त्यांना लाभला. त्यानंतर ते रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीस लागले.

आम्ही स्वतः केंद्र सरकारच्या सेवेत असल्यामुळे या तपशिलापाशी थोडे थबकतो. सरकारी कचेरीतील कामाचे स्वरूप फारसे बदलत नाही. दिवसभर टिपणे आणि ताळेबंद यांत मान मोडल्यावर संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही, मग कलेची उपासना कोठून होणार, अशी तक्रार आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकतो. अण्णासाहेबांनी आपले युगप्रवर्तक नाटक याच नोकरीच्या जोडीने लिहिले आणि बसविले. त्या वेळी त्यांचे वय सदतीस वर्षांचे होते.

त्या काळची नाटके कशी असत हे ध्यानी घेतल्यावाचून त्यांच्या कार्याचे मोल कळणार नाही. भाव्यांच्या पद्धतीच्या खेळात सूत्रधार हाच सर्वेसर्वा असे. कथानक पुढे नेणारी पदे तो आणि त्याचे साथीदार म्हणत. सोंगे आपापल्या वेळी रंगभूमीवर येत, हावभाव करीत आणि भाषणे बहुधा आयत्या वेळी सुचतील तशी करीत. राजाचे दुःख असो की राणीचा आनंद, तो गाऊन सांगावयाचा सूत्रधारानेच. एकीकडे इंग्रजी शिकलेल्यांची गद्य नाटके होती, पण त्यांत संगीताचा ओलावा नव्हता. पारशी कंपन्यांचे हिंदुस्थानी गीतनाट्याचे प्रयोग पुण्यात होऊ लागले होते. तसा प्रयोग पाहूनच अण्णासाहेबांनी मराठीत त्याहून सरस काही करण्याचा निश्चय केला, असे सांगतात.

त्यांनी महाकवी कालिदासाचे ‘शाकुंतल’ निवडले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्याच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. सूत्रधाराची भूमिका स्वतः अण्णासाहेबांनी केली. त्यांनी घडविलेला बदल वरवर पाहता साधा होता. संपूर्ण नाटक लिहून सिद्ध केले आणि प्रत्येक पात्राचे गाणे त्या पात्राच्याच मुखी दिले. दुष्यंताने आपली व्यथा आपणच गावी, शकुंतलेने आपला निरोप आपणच घ्यावा. सूत्रधार आरंभी येऊन नांदी म्हणतो, प्रस्तावना करतो आणि मग बाजूस होतो. ज्याच्या हाती पूर्वी सारा खेळ असे, त्याने आपण होऊन तो इतरांच्या हाती सोपविला. आमच्या मते अण्णासाहेबांच्या चरित्राचे सारे मर्म या एका कृतीत साठविलेले आहे.

१८८२ च्या नोव्हेंबरात ‘सौभद्र’चे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले. हे त्यांचे स्वतंत्र नाटक. सुभद्रेचे मन अर्जुनावर जडलेले, बलरामदादांनी तिला दुर्योधनास देऊ केलेली आणि धाकटे बंधू श्रीकृष्ण पडद्याआडून सूत्रे हलविणारे. अर्जुन त्रिदंडी संन्याशाचे सोंग घेऊन बलरामांच्याच घरी पाहुणचार झोडतो, हा प्रसंग आजही हशा पिकवितो. पुराणातील देवादिकांना त्यांनी मराठी घराच्या माजघरात आणून बसविले. त्यांची रुक्मिणी, त्यांची सुभद्रा आपल्या लेकीसुनांच्या भाषेत बोलतात. चालींच्या बाबतीतही त्यांनी सोवळेओवळे पाळले नाही. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, कीर्तनातील व लावणीतील चाली, बायकांच्या गाण्यांचे वळण आणि यांच्या जोडीला बालपणी कानी पडलेल्या कानडी चाली, या सर्वांना त्यांनी एका पंक्तीस बसविले. ज्या पदांना आपण अस्सल मराठी म्हणून कवटाळतो त्यांतील काहींचे सूर कर्नाटकाचे आहेत, हे येथे राहणाऱ्या मराठी माणसाने विसरू नये.

अण्णासाहेबांचा दुसरा गुण म्हणजे माणसांची पारख. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर, बडोद्याहून १८८२ साली आलेले भाऊराव कोल्हटकर, शंकरराव मुजुमदार अशी रत्ने त्यांनी गोळा केली. ‘सौभद्र’त मोरोबा अर्जुन, बाळकोबा श्रीकृष्ण आणि भाऊराव सुभद्रा अशी योजना होती. स्त्रियांच्या भूमिका त्या काळी पुरुषच करीत. प्रत्येकाचा गळा आणि स्वभाव निराळा, तरी प्रयोग एकजीव होत असे. नाटकवाल्यांकडे समाज हीन दृष्टीने पाहत असताना किर्लोस्कर मंडळीने सुशिक्षितांना सहकुटुंब नाट्यगृहात आणले.

१८८४ साली ‘रामराज्यवियोग’ रंगभूमीवर आले, परंतु ते नाटक पूर्ण करणे अण्णासाहेबांच्या दैवी नव्हते. २ नोव्हेंबर १८८५ रोजी गुर्लहोसूर येथेच, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. ‘शाकुंतल’च्या पहिल्या प्रयोगापासून हिशेब केला तर पाच वर्षे आणि दोन दिवस, एवढाच काळ नियतीने त्यांना दिला.

संस्थापक गेला की संस्था विस्कटते, हा आपल्याकडील नित्याचा अनुभव. किर्लोस्कर नाटक मंडळीचे तसे झाले नाही. जिवंत असतानाच प्रत्येकाला त्याचे गाणे देऊन ठेवलेले असल्यामुळे गाणारे मुके झाले नाहीत. भाऊरावांनी १९०१ साली आपला अंत होईपर्यंत मंडळीचा लौकिक वाढविला. शिष्य देवलांनी ‘मृच्छकटिक’ दिले आणि १८९९ साली ‘शारदा’ देऊन जरठबालाविवाहाच्या दुष्ट रूढीवर रंगभूमीवरून प्रहार केला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आले. १९११ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ याच मंडळीने रंगभूमीवर आणले. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस या तरुणाने मंडळीत प्रवेश केला. तेच आपले बालगंधर्व. १९१३ साली त्यांनी गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे दीनानाथ मंगेशकर आणि चिंतामणराव कोल्हटकर किर्लोस्करांतूनच बाहेर पडले आणि १९१८ साली त्यांनी बलवंत संगीत मंडळी स्थापन केली. या फुटींचे दुःख मूळ मंडळीला झाले असेलच. परंतु वडाच्या पारंब्या भूमीस टेकून नवे खोड धरतात, तेव्हा वड लहान होत नाही.

आता आपल्या मंडळाविषयी दोन शब्द. पन्नास वर्षे ही संस्थेच्या जीवनात लहान गोष्ट नव्हे. गणेशोत्सव, कोजागरी, दिवाळी पहाट आणि वर्षातून एखादे नाटक, एवढे सातत्य परप्रांतात राखणे सोपे नसते. तथापि एक चिंता आमच्याप्रमाणेच अनेक ज्येष्ठांच्या मनात असेल, ती येथे स्पष्ट मांडतो. आमची नवी पिढी मराठी बोलते, पण वाचीत नाही. संगणकाच्या कामात पारंगत असलेल्या आमच्या मुलांना नाटकाची संहिता रोमन लिपीत लिहून द्यावी लागते. तालमीस या म्हटले तर कामाच्या पाळ्या आड येतात. आणि आम्ही वडीलधारे मात्र भाव्यांच्या काळातील सूत्रधाराप्रमाणे सारी पदे आपणच म्हणत राहिलो आहोत. कार्यक्रम आम्ही ठरवावा, निवेदन आम्ही करावे, आभारही आम्हीच मानावेत, आणि तरुणांनी फक्त सोंगे नाचवावीत, असे चालले तर आणखी किती वर्षे चालेल?

अण्णासाहेबांच्या चरित्रातून घ्यावयाचा बोध आम्हांस येथेच दिसतो. नांदी म्हणून झाली की सूत्रधाराने बाजूस व्हावे. मुलांना त्यांचे स्वतःचे गाणे द्यावे. त्यांच्या चालीत शेजारच्या कन्नड घरातील सूर मिसळला तर कानांवर हात ठेवू नयेत, कारण खुद्द ‘सौभद्र’कारांनी ते ठेवले नव्हते. या वर्षी ‘सौभद्र’चा निदान एक अंक मंडळातील तरुणांनी बसवावा, देवनागरीतील संहिता समोर ठेवून त्याची तालीम करावी आणि जमल्यास एक सहल गुर्लहोसूरला न्यावी, अशी आमची कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे. सरकारी कचेरीतून थकून येऊनही तालमीला बसणाऱ्या त्या पुण्यपुरुषास आमचे कृतज्ञतापूर्वक अभिवादन.