ओंडक्यांच्या खोपटातील लेखक

सोन्याच्या शोधात निघालेल्यांचा इतिहास हा बहुतांशी रिकाम्या हातांनी परतलेल्यांचा इतिहास असतो. कॅनडाच्या उत्तर टोकाकडील क्लोंडाइक नदीच्या खोऱ्यात ऑगस्ट 1896 मध्ये सोने सापडले आणि पुढील दोन वर्षांत सुमारे एक लाख माणसे तिकडे धावली. निम्म्याहून अधिक वाटेतूनच मागे फिरली. पोहोचलेल्यांपैकी श्रीमंत झाले ते थोडेच. न झालेल्यांत जॅक लंडन हा एकवीस वर्षांचा तरुण होता.

1876 साली सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेल्या लंडनचे बालपण दारिद्र्यात गेले. डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात त्याने तासाला दहा सेंट मजुरीवर काम केले. पुढे सीलच्या शिकारीला निघालेल्या जहाजावर तो खलाशी झाला. बर्कली येथील विद्यापीठातील शिक्षणही पैशाअभावी सोडावे लागले. जुलै 1897 मध्ये तो उत्तरेकडे निघाला. वर्षभर पुरेल एवढे सामान पाठीवरून थोडेथोडे वाहत त्याने चिल्कूटची बर्फाळ खिंड ओलांडली.

हेंडरसन ओढ्याकाठी त्याने खाणकामासाठी जागा नोंदविली. तेथील ओंडक्यांच्या खोपटात जानेवारी 1898 मध्ये त्याने एका ओंडक्यावर आपले नाव लिहिले आणि त्यापुढे खाणकामगार व लेखक अशी ओळख जोडली. लेखक म्हणून तोवर त्याच्या पदरी होते एका वृत्तपत्रीय स्पर्धेतील पारितोषिक आणि किरकोळ लेखन! ताज्या भाजीपाल्याअभावी त्याला स्कर्व्ही जडला. उन्हाळ्यात लहानशा होडीतून युकॉन नदीचा सुमारे दीड हजार मैलांचा प्रवाह उतरून तो घरी परतला, तेव्हा जवळच्या सुवर्णरजाची किंमत पाच डॉलरांनाही पुरती नव्हती.

परंतु त्या हिवाळ्यात पाहिलेली माणसे, कुत्री आणि थंडी हीच त्याची खरी पुंजी ठरली. ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ 1903 साली प्रसिद्ध झाली. तिचे पुस्तकाचे हक्क मात्र त्याने अवघ्या दोन हजार डॉलरांना कायमचे विकून टाकले होते. तिच्या अफाट खपाचा लाभ प्रकाशकाला झाला. 1916 साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, लंडनचे निधन झाले.

ते खोपट पुढे 1960 नंतरच्या दशकात शोधून काढण्यात आले. त्याचे ओंडके वाटून, नव्या लाकडांची भर घालून, दोन खोपटी उभारली गेली. एक डॉसन येथे, दुसरे ओकलंडमध्ये. दोन गावांनी अभिमानाने वाटून घ्यावे असे हे लाकूड मौल्यवान ठरले ते भूमीतील सोन्यामुळे नव्हे. कडाक्याच्या थंडीत, यशाचे कोणतेही चिन्ह दिसत नसताना, एका मजुराने स्वतःला लेखक म्हणवून घेतले आणि उरलेल्या अठरा वर्षांत लिहून लिहून तो शब्द खरा केला. जतन करण्याजोगे आहे ते हेच.