साने गुरुजी : खानदेशातील जडणघडण

पांडुरंग सदाशिव साने ऊर्फ साने गुरुजी (१८९९–१९५०) यांचा जन्म कोकणातील पालगडचा. परंतु त्यांच्यातील लेखक घडला तो खानदेशात. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरला आले आणि १९२४ पासून तेथील शाळेत शिक्षक झाले. छात्रालयातील मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक चालविले. त्यांचे पहिले वाचक असे रोजच्या सहवासातले होते.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती गुरुजींनी लिहून घेतली, म्हणूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ प्रौढ वाचकांच्या हाती आला. पुढील वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. तीत श्याम रात्रीमागून रात्र आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो.

या दोन पुस्तकांचे वाचकवर्ग भिन्न, पण भाषिक घडण एकच. दोन्हींत बोलणारा आहे आणि ऐकणारे आहेत. म्हणूनच छोटी वाक्ये, संबोधने आणि पुनरुक्ती येतात. गुरुजींचे लेखन भावविवश आहे, हा आक्षेप तपासताना विद्यार्थ्यांनी ही घडण ध्यानात घ्यावी. पुनरुक्ती निबंधात दोष ठरते. श्रोत्याला मात्र ती आधार देते.

१९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ आणि १९४८ मध्ये ‘साधना’ ही साप्ताहिके त्यांनी सुरू केली. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले.