विश्लेषण : ‘मोल’ची संख्या ज्याच्या नावावर, त्याला ती ठाऊकच नव्हती!

पेठच्या बाजारात नागलीचे दाणे कुणी मोजत नाही. ती पायलीने मापतात, नाही तर काट्यावर तोलतात. हजार दाण्यांचे वजन कळले, की पोत्यातल्या दाण्यांचा हिशेब जमतो. नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या धड्यातला ‘मोल’ हेच करतो. २ ग्रॅम हायड्रोजन, १८ ग्रॅम पाणी, ३२ ग्रॅम ऑक्सिजन : प्रत्येकात रेणू तेवढेच, सुमारे ६.०२२ × १०²³. हा ॲव्होगॅड्रो अंक.

कोण होते ॲव्होगॅड्रो?

आमेदेओ ॲव्होगॅड्रो यांचा जन्म ९ ऑगस्ट १७७६ रोजी इटलीतील तुरिनचा. घराणे वकिलांचे. विसाव्या वर्षी त्यांनी चर्चच्या कायद्यात डॉक्टरेट मिळवली, वकिलीही केली. पण ओढा गणित आणि भौतिकशास्त्राकडे. १८०९ मध्ये ते वेर्चेल्ली येथे शिक्षक झाले. १८११ मध्ये त्यांनी मांडले, की तापमान आणि दाब सारखे असतील तर कोणत्याही वायूच्या समान आकारमानात रेणूही समान असतात.

हे सहज पटण्यासारखे नाही. पायलीभर नागलीत पायलीभर भातापेक्षा कितीतरी जास्त दाणे मावतात. वायूंचे तसे नसते, कारण त्यांचे रेणू एकमेकांपासून फार दूर असतात. म्हणून सारख्या दोन बाटल्यांपैकी ऑक्सिजन हायड्रोजनच्या १६ पट भरला, तर त्याचा एक रेणूही १६ पट जड!

मग दुर्लक्ष का झाले?

दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन यांपासून वाफ दोन भाग मिळते. म्हणजे ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा हवा. एकाच मूलद्रव्याचे अणू जोडीने राहतात, हे डाल्टन आणि बर्झेलियस यांच्यासारख्या दिग्गजांना मान्य नव्हते. डाल्टन तर पाण्यात दोन्हींचा एकेकच अणू धरत.

ॲव्होगॅड्रो १८२० मध्ये तुरिनला प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षीच्या राजकीय उठावानंतर पद गेले, ते १८३४ मध्ये परत मिळाले. ९ जुलै १८५६ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाही त्यांचा सिद्धान्त अडगळीतच होता. १८६० च्या कार्लस्रूह परिषदेत कॅनिझारो यांनी तो पुन्हा पुढे आणला आणि सूत्रांचा गोंधळ मिटू लागला. ‘मोल’ हा शब्द त्यानंतरचा. या संख्येला ॲव्होगॅड्रो यांचे नाव दिले ते फ्रान्सच्या जाँ पेरँ यांनी, १९०९ मध्ये.

२० मे २०१९ पासून ती ६.०२२१४०७६ × १०²³ अशी कायमची ठरवण्यात आली आहे.