उशिरा मिळालेली सही

ब्रिटनमध्ये जुनी कॉमिक्स जमविणाऱ्यांचा एक पंथच आहे. त्या पंथात डडली वॉटकिन्स हे नाव मोठ्या आदराने घेतले जाते.

वॉटकिन्स यांचा जन्म १९०७ साली मँचेस्टरजवळ झाला. बालपण नॉटिंगहॅमला गेले. १९२५ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते स्कॉटलंडमधील डंडी येथे डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेत दाखल झाले आणि अखेरपर्यंत तिच्यासाठी चित्रे काढीत राहिले. १९३६ मध्ये 'संडे पोस्ट'मध्ये पालथ्या बादलीवर बसणारा व्रात्य वुली आणि ब्रून कुटुंब अवतरले. १९३७ मध्ये 'डँडी'त आगीच्या झोताने दाढी करणारा धटिंगण डॅन आला, तर १९३८ मध्ये 'बीनो'त लॉर्ड स्नूटी.

एवढे करूनही चित्राखाली नाव नाही! संस्था चित्रकारांची नावे छापीत नसे. सही करण्याची मुभा वॉटकिन्सना १९४६ मध्ये मिळाली, म्हणजे एकवीस वर्षांनी. इतर बहुतेकांना तर तीही नव्हती. मला हा अन्यायच वाटतो.

महायुद्धात कागदाची टंचाई होती. मुलांनी वाचलेले अंक रद्दीत दिले. म्हणूनच सुरुवातीचे अंक आज दुर्मिळ आहेत आणि संग्राहक त्यांना हजारो पौंड मोजतात. किराण्याच्या पुडीचा कागद उलगडून वाचणाऱ्या आमच्यासारख्यांना या वेडाचे नवल वाटू नये.

२० ऑगस्ट १९६९ रोजी चित्र काढण्याच्या मेजाशीच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पुढे काही वर्षे संस्थेने वुली आणि ब्रून्सची त्यांचीच जुनी चित्रे पुन्हा छापली.