नानासाहेब धर्माधिकारी

नारायण विष्णू धर्माधिकारी ऊर्फ नानासाहेब धर्माधिकारी (१ मार्च, १९२२ – ८ जुलै, २००८) हे महाराष्ट्रातील निरूपणकार व समाजप्रबोधनकार होते. समर्थ रामदासस्वामींच्या दासबोध या ग्रंथाच्या साप्ताहिक सामुदायिक श्रवणाची परंपरा त्यांनी १९४३ साली सुरू केली. ही परंपरा 'श्री बैठक' या नावाने ओळखली जाते. अंधश्रद्धा निर्मूलन, बालसंस्कार आणि व्यसनमुक्ती ही या कार्याची प्रमुख अंगे होत. ग्रंथाच्या आधारे माणूस दारू, विडी, तंबाखू सोडू शकतो काय, या प्रश्नाच्या विचारात त्यांच्या कार्याचा उल्लेख अपरिहार्य ठरतो.

जीवन

नानासाहेबांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात रेवदंडा येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव शांडिल्य होते आणि धर्मजागृतीच्या कार्यामुळे आंग्रे यांच्याकडून धर्माधिकारी हा किताब मिळाला, असे सांगितले जाते. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १९४३ च्या विजयादशमीला, त्यांनी मुंबईतील गोरेगाव येथे पहिली बैठक भरवली. पुढे सहा दशकांहून अधिक काळ त्यांनी हे कार्य रेवदंडा येथून अखंड चालवले.

बैठकीचे स्वरूप

दासबोधात २० दशक, २०० समास व ७,७५१ ओव्या आहेत. ग्रंथाची रचना गुरुशिष्य संवादाची आहे. बैठकीत आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी व वेळी, ग्रंथातील भाग वाचला जातो आणि त्याचे सोप्या भाषेत निरूपण केले जाते. पुरुष, स्त्रिया व मुले यांच्या बैठका स्वतंत्र असतात. श्रोत्यांकडून शुल्क किंवा देणगी घेतली जात नाही. उपस्थितांना 'श्री सदस्य' म्हणतात.

या पद्धतीत ग्रंथ प्रत्येकाने स्वतः वाचावा लागत नाही, तो ऐकावयाचा असतो. त्यामुळे अक्षरओळख नसलेला शेतमजूरही त्याचा श्रोता होऊ शकतो. कीर्तन व पारायण यांची सवय असलेल्या ग्रामीण समाजाला ही रीत परकी वाटली नाही.

शहापूर व मुरबाड परिसर

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात बैठकांचा मोठा प्रसार झाला. शहापूर व मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याचे, भातशेतीचे आणि आदिवासी वस्तीचे तालुके आहेत. शहापूर तालुका आसनगाव, खर्डी, कसारा या स्थानकांमुळे मुंबईशी लोहमार्गाने जोडलेला आहे, तर मुरबाडची वाहतूक रस्त्याने कल्याणवर अवलंबून राहिली. नोकरी व मजुरीसाठी शहरात जाणारा वर्ग या दोन्ही तालुक्यांत मोठा आहे.

अशा भागात तंबाखूकडे दारूप्रमाणे व्यसन म्हणून पाहिले जात नाही. बांधावर विसावा घेताना विडी पेटवणे, आल्यागेल्यापुढे चंची सरकवणे आणि स्त्रियांनी सकाळी मशेरी लावणे हा व्यवहाराचा व आदरातिथ्याचा भाग असतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करत होते. त्यांपैकी धूम्रपान करणारे थोडे होते, तोंडात तंबाखू धरणारे किंवा मशेरी लावणारे कितीतरी अधिक होते. पुढे केलेली तंबाखू एकट्याने नाकारणे म्हणजे शेजाऱ्याचा मान नाकारण्यासारखे वाटते. तोच शेजारी त्याच बैठकीत बसणारा असेल, तर मात्र नकार देणे सोपे होते.

ग्रंथ आणि व्यसनमुक्ती

धूम्रपान सोडवण्यासाठी स्वतंत्र पुस्तके लिहिण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकात रुजली. इंग्लंडमधील लेखापाल ॲलन कार यांनी १९८३ साली सिगारेट सोडली आणि १९८५ साली त्या विषयावर लिहिलेले त्यांचे पुस्तक जगभर गाजले. वैद्यकीय अभ्यासांनुसार अशा छापील साहित्याचा उपयोग होतो, परंतु तो अल्प असतो. प्रत्यक्ष समुपदेशन व औषधोपचार यांचा परिणाम त्याहून अधिक आढळतो.

दासबोध हा व्यसनमुक्तीसाठी लिहिलेला ग्रंथ नव्हे. तथापि त्यातील काही प्रकरणे या कामी उपयुक्त ठरतात. पहिल्या दशकाच्या अखेरीस नरदेहाचे महत्त्व सांगितले आहे. दुसऱ्या दशकाचा आरंभ मूर्खलक्षणांनी व शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी होतो. लक्षणे सर्वांसाठी सांगितलेली असल्याने कोणा एकाचा अपमान होत नाही, पण प्रत्येक श्रोता ती स्वतःशी ताडून पाहतो. पढतमूर्खाचे प्रकरण तर वाचूनही न वागणाऱ्याविषयीच आहे. ग्रंथ केवळ वाचून माणूस बदलत नाही, हे ग्रंथच सांगतो.

नानासाहेबांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य याच उणिवेच्या परिहारात आहे. पुस्तक एकदा वाचून बाजूला ठेवता येते. बैठक मात्र दर आठवड्याला असते. निकोटीन सुटल्यानंतरचा त्रास पहिल्या काही दिवसांत तीव्र असतो व काही आठवड्यांत ओसरत जातो, परंतु तलफ त्यानंतरही अधूनमधून उठते. त्या काळात नियमित उपस्थिती आणि ओळखीच्या माणसांची सोबत हाच आधार ठरतो. शारीरिक अवलंबन प्रबळ असल्यास मात्र वैद्यकीय उपचारांची आवश्यकता उरतेच. श्रवण हा त्याला पर्याय नसून पूरक आहे.

सन्मान व वारसा

महाराष्ट्र शासनाने २००८ सालचा महाराष्ट्र भूषण पुरस्कार नानासाहेबांना मरणोत्तर जाहीर केला. त्यांच्या पश्चात पुत्र दत्तात्रेय ऊर्फ आप्पासाहेब धर्माधिकारी यांनी हे कार्य पुढे चालवले. आप्पासाहेबांना २०१७ साली पद्मश्री आणि २०२२ सालचा महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळाला. नानासाहेबांच्या नावाने रेवदंडा येथे स्थापन झालेले प्रतिष्ठान वृक्षारोपण, स्वच्छता मोहिमा, रक्तदान शिबिरे असे उपक्रम राबवते. साप्ताहिक बैठकांची परंपराही अनेक गावांत चालू आहे.